कान दोन, हेडफोन नऊ

पत्र : "काका, नमस्कार. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो, वय ३४, कॉलेजात शिकवतो. तीन वर्षांपूर्वी मामा वारले. ते बोटीवर नोकरीला होते. गावभागातल्या त्यांच्या घरी माडीवरच्या कपाटात दोन हेडफोन मिळाले, सेनहायझरचा एचडी ४१४ आणि एकेजीचा के २४०. रात्री जेवण झालं की मामा हे डोक्याला लावून मिरजेच्या उरुसातल्या कॅसेट ऐकत बसायचे, एवढं आठवतं. त्यावरून मला नाद लागला आणि आता घरात नऊ हेडफोन झालेत. बायको म्हणते, 'कान दोन आणि हेडफोन नऊ, गणपतीलासुद्धा एवढे लागत नाहीत.' ते असो. माझी अडचण अशी की ज्यांचं एवढं कौतुक वाचलं, ते मामांचे दोन्ही हेडफोन मोबाइलवर लावले की माझ्या हजार रुपयांच्या नव्या हेडफोनपुढं मिळमिळीत वाटतात. के २४० चा उजवा कान तर दबकाच आहे. मी तुलनेची वही ठेवतो, त्यात दोघांना दहापैकी चार गुण दिलेत. कोल्हापूरचे एक गृहस्थ स्टॅक्सचा जुना लॅम्डा हेडफोन, तो वाजवायच्या विजेच्या पेटीसकट, साठ हजारांना देतायत. मामांचे दोन विकून, वर भर घालून तो घेऊ का?"

उत्तर : वहीतलं ते पान आधी फाडून टाका. रागानं म्हणत नाही. त्या पानावर तुम्ही मामांच्या हेडफोनांना गुण दिलेलेच नाहीत. कुजलेल्या स्पंजाला दिलेत, मोबाइलच्या भोकाला दिलेत, आणि उरलेले ज्याचा आवाज मोठा त्याला दिलेत.

विश्रामबागेतून मिरज काही लांब नाही. सतारमेकर गल्लीत एकदा तासभर बसून या. एखादा पन्नास वर्षांचा तंबोरा तिथं दुरुस्तीला येतो. मालक सांगतो, "मेलाय, आवाजच नाही." कारागीर भोपळ्याला हात लावत नाही की दांडीला. तो घोडी बघतो. तारांनी घासून घासून तिच्यावर चरे पाडलेले असतात. कानशीनं तो घोडीचा माथा घासतो, तार लावतो, तिच्याखाली सुताचा दोरा घालतो आणि तो दोरा केसभर पुढं, केसभर मागं करत राहतो. मगाचपर्यंत टणटण करणारी तार एका जागी येऊन अचानक बोलायला लागते, आणि खर्जातून गंधार ऐकू यायला लागतो. भोपळा तोच, लाकूड तेच, माणूसही तोच. फक्त जवारी, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारी झणझण, निघाली.

हेडफोनची गादी ही त्याची जवारी आहे. नव्या संग्राहकाला हेच पटत नाही. तो ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या आतल्या भागाच्या, मागं लागतो, वायर बदलतो, सोन्याचा मुलामा दिलेला जॅक आणतो, आणि ज्या गादीचं तीस वर्षांपूर्वीच बारा वाजलेत तिच्यावरच कान टेकवून गुण देतो.

तुमचा ४१४ घ्या. १९६८ सालचं मॉडेल. त्याच्या आधी हेडफोन म्हणजे कानावर घट्ट बसणाऱ्या जड वाट्या असायच्या. ४१४ ची पाठ जाळीची, वजन दीडशे ग्रॅमच्या आत, आणि कानावर काय, तर हळदीच्या रंगाची स्पंजाची एक चकती. पाठ उघडी ठेवलेला हा पहिला हेडफोन, आणि जगभर एक कोटीच्या वर खपला. त्यामुळं दुर्मिळ अजिबात नाही, विकायला गेलात तर कोणी जहागिरी देणार नाही. पण ती पिवळी चकती शोभेची नाही. ड्रायव्हर आणि कान यांच्यात किती अंतर राहायचं आणि मधे किती हवा खेळायची, हे ती ठरवते. तुमची चकती बोटानं दाबून बघा. परत फुगते का? की दाबली तशीच राहते आणि बोटाला पिवळी पूड लागते? पूड लागली तर ऐकायचं थांबवा. ती पूड जाळीतून आत ड्रायव्हरच्या पातळ पडद्यावर जाऊन बसते. तसल्या नव्या चकत्या अजून मिळतात, रंग थोडा वेगळा असला तरी चालेल. जाडी मात्र मूळची असू द्या.

के २४० ची तऱ्हा निराळी. गादी काढली की मधे मोठा ड्रायव्हर आणि त्याच्याभोवती सहा छोटे गोल पडदे दिसतात का बघा. दिसले तर तो १९७५ च्या सुमारास सुरू झालेला 'सेक्स्टेट', आणि मामांच्या निवडीला माझा नमस्कार. त्या सहा पडद्यांना वायर नसते. मधला ड्रायव्हर हलला की आतल्या हवेच्या दाबानं ते हलतात आणि खालच्या सुरांना हात देतात. ही सगळी करामत गादी कानाभोवती नीट चिकटून बसली तरच चालते. जुनी रेक्झिनची गादी कडक होते, पापडासारखी तडकते, जबड्याजवळ फट राहते. त्या फटीतून आधी जातो तो खर्ज. मग उरतं ते मिळमिळीतच.

याच्या डोक्यावरच्या पट्टीत इलॅस्टिक असतं, ते सैल झालं की दोन्ही वाट्या खाली घसरतात आणि ड्रायव्हर कानासमोर न राहता गालासमोर येतो. ते इलॅस्टिक कुठल्याही शिंप्याच्या दुकानात मिळतं. माझ्या एका गिऱ्हाइकानं परदेशातून मूळ सुटा भाग मागवायचा हट्ट धरला होता. मी दहा रुपयांत बसवून दिलं तर त्याला ते अपमानास्पद वाटलं!

आता मोबाइल. तुमच्या हजार रुपयांच्या हेडफोनचा रोध बहुतेक ३२ ओहम असेल. सेक्स्टेट ६०० ओहमचा, आणि मूळचा ४१४ तब्बल २००० ओहमचा. तुम्ही कॉलेजात कुठला विषय शिकवता ठाऊक नाही, पण हिशेब शाळेतलाच आहे. मोबाइलनं एक व्होल्ट दिला असं धरा. ३२ ओहमात ३१ मिलिवॉट जातात, ६०० ओहमात पावणेदोनसुद्धा भरत नाहीत, २००० ओहमात अर्धा. आणि माणसाचा कान असा लबाड आहे की दोन आवाजांतला जरासा मोठा जो, त्याला तो 'भरदार' म्हणतो, 'स्पष्ट' म्हणतो. 'मोठा' म्हणत नाही. तुमच्या वहीतले निम्मे शब्द इथूनच आलेले असणार.

म्हणून मामांचे हेडफोन मामांच्या काळातल्या यंत्राला लावा. जुन्या स्टिरिओ अँप्लिफायरच्या हेडफोनच्या भोकात बहुतेक वेळा स्पीकरचाच आवाज मधे शंभर किंवा काही शे ओहमचा रेझिस्टर घालून दिलेला असायचा. ६०० ओहमच्या हेडफोनला त्या रेझिस्टरचं काहीच वाटत नाही, हवे तेवढे व्होल्ट मिळतात. तुमचा ३२ ओहमचा तिथं लावलात तर त्याचा बास उगाच फुगलेला ऐकू येईल, आणि मग तुम्ही उलट चूक कराल. मामांच्या घरी अँप्लिफायर किंवा कॅसेट डेक असणारच, नुसत्या हेडफोनवर कोण काय ऐकणार? तो शोधा. ४१४ च्या वायरीला जर्मन पद्धतीची डीआयएन पिन असली तर ती कापू नका. मधे जोडायचा तुकडा मिळतो, नाही मिळाला तर अर्ध्या तासात बनतो.

उजव्या कानाकडे वळतो. उघडण्याआधी हेडफोन उलटा घाला, डावं उजवीकडे. दबकेपणा त्याच वाटीबरोबर डाव्या कानाला गेला, तर दोष हेडफोनचा, नाहीतर मोबाइलमधल्या डाव्या-उजव्याच्या सेटिंगचा. गेलाच नाही, तुमच्या उजव्याच कानाला दबकं येत राहिलं, तर दोष कानाचा. हसू नका. एक निवृत्त मास्तर माझ्याकडे एकच हेडफोन तीनदा घेऊन आले होते. चौथ्यांदा मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. मळ निघाला, हेडफोन बरा झाला.

दोष हेडफोनचाच निघाला तर मल्टिमीटर काढा. जॅकच्या टोकापासून मुळापर्यंत डावी बाजू, मधल्या कड्यापासून मुळापर्यंत उजवी. दोन्हीकडे सहाशेच्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारा आकडा हवा. मीटरची टोकं टेकवताना वाटीत बारीक 'टक्' ऐकू येतं, ते ड्रायव्हर जिवंत असल्याची खूण. मग आकड्याकडे बघत वायर जॅकपाशी आणि वाटीपाशी हळूच वाकवा. आकडा नाचला तर वायर आतून तुटत आलीय. बहुतेक वेळा जॅकपासून चार बोटांच्या आतच तुटते, तेवढा तुकडा कापून नवा जॅक लावायचा की झालं. ४१४ ची वायर दोन्ही वाट्यांपाशी निघते, तिथं अदलाबदल करूनही कळतं. आकडा स्थिर आणि दोन्हीकडे सारखा, तरी आवाज दबका, तर ड्रायव्हरसमोर काहीतरी बसलंय असं समजा.

या 'काहीतरी'साठी थोडं थांबतो, कारण नुकसान इथंच होतं. पुष्कळ जुन्या हेडफोनांत गादीच्या आत, ड्रायव्हरच्या तोंडावर, पातळ स्पंजाची चकती असते. आपल्या दमट पावसाळ्यात ती कुजते. कधी तिचा भुगा होतो, कधी काकवीसारखा चिकट लगदा. तुम्हाला वाटतं, चिमट्यानं उचलावी. मलाही वाटलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा हेडफोन उघडला, लोखंडी चिमटा घेतला आणि चकतीची कड धरली. ड्रायव्हरच्या मागं लोहचुंबक आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हाताला ते त्या क्षणी आठवलं नाही. चिमटा असा खेचला गेला की टोक सरळ पडद्यातून आरपार. सुई टोचल्याएवढं भोक, पण पडदा गेला तो गेलाच. तसला दुसरा ड्रायव्हर मिळवायला मला आठ महिने लागले, आणि मोडके दोन हेडफोन विकत घ्यावे लागले. गिऱ्हाईक भला माणूस होता, तो काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्या टेबलावर बांबूचे दोन चिमटे आहेत. वाटी पालथी धरायची, म्हणजे भुगा आत न पडता खाली पडतो, आणि मऊ ब्रशनं झाडायचं. तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. व्हॅक्यूम क्लीनर तर त्या खोलीतही आणू नका, पडदा शोषला जाऊन चेपतो. चिकट लगदा फक्त प्लास्टिकच्या जाळीवर असेल तर कापसाच्या काडीला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. अॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं पाणी, नको, प्लास्टिक विरघळतं. नवी चकती त्याच जाडीची आणि तेवढीच सच्छिद्र हवी. फुंकर मारून बघा, जुन्या शाबूत तुकड्यातून जेवढी हवा जाते तेवढीच नव्यातून गेली पाहिजे. घरी भांडी घासायचा स्पंज कापून बसवलेले नमुने मी पाहिलेत.

खालच्या सुरांना कुरकुर येत असेल तर घाबरू नका. बहुतेकदा पडद्याला टेकलेला डोक्याचा एक केस असतो. अगदी हळू आवाजात ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर लावला की तो केस स्वतःहून ओरडतो, मग बांबूच्या चिमट्यानं, बाजूनं, ओढून घ्यायचा. सोल्डरिंगची वेळ आलीच तर हे ध्यानात ठेवा. या वायरी म्हणजे सुताच्या धाग्याभोवती गुंडाळलेले लाखेचे बारीक तार असतात. ब्लेडनं खरवडलं तर तुटतात. गरम टोकावर कथिलाचा थेंब घेऊन त्यात वायर बुडवून धरली की लाख जळून जाते. ड्रायव्हरच्या टोकांना मात्र दोन सेकंदांच्या वर टेकायचं नाही, तिथलं प्लास्टिक वितळलं की आतला केसासारखा तार निसटतो आणि मग कोणीच काही करू शकत नाही. हात बसेपर्यंत मोडक्या हेडफोनवर सराव करा. नऊपैकी एखादा तसा असेलच.

काढलेल्या जुन्या गाद्या फेकू नका. पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवा. पुढं कधी मूळ जाडी किंवा भोकांची जागा बघायची वेळ येते.

हे सगळं झालं की वही पुन्हा उघडा. आवाज जुळवल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. जाड रबराच्या तुकड्याला भोक पाडून त्यात छोटा माइक घट्ट बसवा, त्यावर हेडफोन नीट टेकवा आणि खरखरीचा एकसारखा आवाज लावून दोन्ही हेडफोनांचा आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. एकच सूर लावून जुळवू नका, प्रत्येक हेडफोनचे चढउतार वेगळ्या जागी असतात, फसाल. मग गाणं लावण्याआधी पाच मिनिटं नुसता तंबोरा लावा. पुरुषी खर्जाचा, चांगला जुळवलेला, ध्वनिमुद्रणही बरं असलेला. ढोल-ताशात काय, कुठलाही हेडफोन खपून जातो. तंबोऱ्यात लपायला जागा नाही. जवारीची झणझण बारीक रेशमासारखी येते की पत्र्यासारखी, खर्जातून निघणारा गंधार वेगळा काढून दाखवता येतो की खर्जातच बुडतो, तार छेडल्यावर नाद विझत कुठपर्यंत ऐकू येतो, एवढं लिहा. दहापैकी गुण द्यायची सवय सोडा. चार आणि सहा यांच्या मधे काय होतं ते वर्षभरानं तुमचं तुम्हालाच आठवणार नाही.

माझा अंदाज सांगू? सेक्स्टेट तुम्हाला थोडा गडद, संथ वाटेल आणि गायकीला फार सुंदर जाईल. ४१४ ला खर्ज बेताचाच आहे, ते खोटं कशाला सांगू. पण माणसाचा गळा आणि सारंगी त्याच्यातून अशी समोर येते की हजार रुपयांचा तुमचा नवा गडी गप्प बसेल.

आता स्टॅक्स. वस्तू थोर आहे. या जपानी कंपनीनं १९६० मध्ये पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बाजारात आणला, लॅम्डा १९७९ चा. यात लोहचुंबक नाही, कॉइल नाही. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मधे अतिशय पातळ पडदा ताणलेला असतो आणि त्याला काही शे व्होल्टचा विजेचा भार दिलेला असतो. जुन्या सहा पिनांच्या संचाला २३० व्होल्ट, पुढच्या पाच पिनांच्या 'प्रो' संचाला ५८०. म्हणून तो पेटीशिवाय वाजत नाही आणि भलत्या पेटीवर लावायचाही नाही. तंबोरा त्याच्यावर ऐकाल तर रात्री झोप येणार नाही, हे कबूल.

तरीपण आत्ता घेऊ नका. एक तर पाऊस आहे. दमट हवेत जुन्या पडद्यावरचा भार गळतो, एक बाजू हळूहळू बसते, कधी चरचर येते. पंधरा मिनिटं ऐकून कळत नाही, पेटी चालू करून तासभर बसावं लागतं आणि शेवटी पुन्हा डावं-उजवं सारखं आहे का बघावं लागतं. तो भार धरणारा थर विरला असेल तर दुरुस्ती आपल्या इथं होत नाही, आणि हे तुम्ही-मी चिमट्यानं करण्यासारखं काम नाही. दुसरं, पेटीच्या मागची पाटी वाचा. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची. तिथल्या बाजारातली पेटी आपल्या २३० च्या प्लगात खुपसली तर धूर निघेल. पाटीवर १०० असेल तर आधी उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याचे पैसे साठ हजारांत धरा. आणि पेटीचं झाकण काही झालं तरी उघडायचं नाही, प्लग काढल्यावरही आत भार शिल्लक असतो. त्या गृहस्थांना सांगा, दिवाळीनंतर येऊन ऐकतो. ते थांबले नाहीत तर नाही थांबले, लॅम्डा पुष्कळ निघाले होते, दुसरा मिळेल.

मामांचे विकून तर मुळीच घेऊ नका. पैसे हवेत तर उरलेल्या सातांकडे बघा. ज्यांच्या गाद्या आता कुठंच मिळत नाहीत ते, आणि ज्यांना गेल्या तीन महिन्यांत एकदाही कान लावला नाही ते, एवढे काढलेत तरी बहुतेक चार उरतील. वहिनींनाही चार चालतील असं वाटतं, त्यांची तक्रार आकड्याची नसावी, टेबल अडल्याची असावी. उरलेले वायर न गुंडाळता, गाद्या दबणार नाहीत असे ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी घाला आणि पावसाळ्यात दर महिन्याला ती बदला.

एक राहिलं. मामांच्या कॅसेटबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि पुढं गेलात. उरुसातल्या, म्हणजे दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ ज्या संगीतसभा होतात त्यांच्या, मामांनी स्वतः भरलेल्या असतील तर त्यांची दुसरी प्रत कुठंच नसेल. हेडफोन अजून वीस वर्षं थांबतील. कॅसेट थांबत नाहीत. टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसते का बघा, दिसली तर ती डेकमध्ये घालू नका, माझ्याकडे आणा. बुरशी नसेल तरी आत टेपच्या मागं पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा एवढासा तुकडा चिकटवलेला असतो, तो जागेवर आहे ना ते पाहा, जुना डिंक सुटून तो पडतो आणि आवाज दबका होतो. मग एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं गुंडाळून घ्या, आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवत वाजवा. दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही. किती आहेत, कुठल्या सालच्या आहेत आणि डब्यांवर मामांच्या हातचं काय लिहिलंय, तेवढं मला कळवा.